खाडीकाठची आजोळची जमीन, तिवरं आणि 'लँड ट्रस्ट' : आपल्याकडे असं काही जमतं का?

खाडीपलीकडची | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज अडले म्हणून लिहितेय.

आईच्या माहेरची दोन एकर चौदा गुंठे जमीन आहे. मुंबईतच, उपनगर जिल्ह्यात, खाडीच्या काठाला. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे कळेलच. आजोबा तिथे खारं भात लावायचे. आई लग्न होऊन दादरला आली त्यानंतर कधीतरी एका उधाणाला बांधाला खांड गेली. ती बुजवायला गडी मिळाले नाहीत, आजोबाही थकले होते. पाणी आत आलं ते आलंच. आता तिथे तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं, असं रान माजलंय की आत शिरायचं तर वाकून जावं लागतं. सातबाऱ्यावर सहा नावं : आई, दोन मावश्या, मामी आणि मामीची दोन मुलं.

गेल्या महिन्यात मामेभावाकडे एक गृहस्थ आले. म्हणाले, "तुम्ही फक्त सह्या द्या, झाडांचं काय ते आम्ही बघतो." या 'आम्ही बघतो'ने आईची झोप उडालीय. ती म्हणते, बाबांच्या शेतात डंपर शिरू देणार नाही. मामेभाऊ म्हणतो, मग काय नुसता सारा भरत बसायचं का? त्याचंही अगदीच चूक नाही. त्याच्या दोन मुलींची शिक्षणं आहेत.

माझी धाकटी बहीण अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये असते, केप कॉडला. तिच्या शेजारच्या आजींनी स्वतःची समुद्रकाठची दलदलीची जमीन गावातल्या 'लँड ट्रस्ट'बरोबर करार करून कायमची बांधकामापासून मुक्त केली. जमीन आजींचीच राहिली. उद्या विकली तरी घेणाऱ्याला तिथे घर बांधता येणार नाही. हे ऐकल्यापासून आईने 'असं आपण करू या' म्हणून धोशा लावलाय.

तर असं काही मुंबईत करता येतं का? कोणी केलंय का? की ही माझ्या आईची भाबडी समजूत आहे?

टवाळ | सोमवार, रात्री ११:०५

ट्रस्ट म्हटलं की मला इंजिनिअरिंग कॉलेज आणि त्यामागचे साहेब आठवतात. मुंबईत जमीन राखायला दिली की ती टॉवर येईपर्यंतच राखली जाते. आईंना माझा नमस्कार सांगा, पण सह्या कुठे करताय ते नीट बघा.

पाणपाखरू | सोमवार, रात्री ११:३१

टवाळ, सुरुवातच अशी करू नका हो.

ताई, आधी एक सांगा, तुमच्या जागेत नुसती तिवरं आहेत की मध्ये उघडा चिखलही आहे? विचारायचं कारण असं की 'खाडीकाठचं रान' म्हटलं की लोकांना फक्त झाडं दिसतात. पाखरांचं अर्धं जेवण उघड्या चिखलात असतं. ओहोटीला पाणी सुकलं की तुतवार, चिखल्या, कुरलू त्या चिखलात चोच खुपसत फिरतात. शिवडीला आणि ठाणे खाडीत हजारोंनी येणारे रोहित पक्षीही चिखलावरच्या शेवाळावर आणि बारीक जीवांवरच जगतात. म्हणून कोणी उत्साहाने 'मोकळ्या जागेत खारफुटी लावू' म्हणालं तर आधी थांबवा. चांगल्या चिखलात रांगेने रोपं खोचून पाखरांचं ताट काढून घेतल्याची उदाहरणं जगभर आहेत.

तुमच्याकडे कोल्हा असायचीही शक्यता आहे. हसू नका. विक्रोळीच्या आणि चारकोपच्या खारफुटीत सोनेरी कोल्हे आहेत, कॅमेऱ्यात आलेत.

नीलू_केप | मंगळवार, सकाळी ७:१५

मीच ती धाकटी बहीण. ताईने लिंक पाठवली म्हणून खातं उघडलं. माझं मराठी टायपिंग सांभाळून घ्या.

आईला मी फोनवर सांगितलं ते अर्धवट होतं, म्हणून इथे नीट लिहिते. लँड ट्रस्ट म्हणजे नोंदणीकृत धर्मादाय संस्था. आमच्याकडची सगळ्यात जुनी, 'द ट्रस्टीज ऑफ रिझर्व्हेशन्स', याच राज्यात १८९१ साली सुरू झाली. इंग्लंडच्या नॅशनल ट्रस्टचं बीजही तिच्यातच आहे म्हणतात. तो १८९५ मध्ये निघाला आणि त्याला मिळालेली पहिली जमीन म्हणजे वेल्समधल्या समुद्रावरची साडेचार एकरांची टेकडी, तीही एका बाईने दिलेली. पुढे १९६५ मध्ये त्यांनी 'नेपच्यून' नावाची मोहीम काढून लोकांच्या वर्गणीतून किनाराच विकत घ्यायला सुरुवात केली.

इथे अशा संस्था दोन प्रकारे काम करतात. एक, जमीन विकत किंवा दान घेतात. दोन, मालकाशी करार करतात. त्यात मालक जमीन ठेवतो, फक्त बांधायचा, भरणी करायचा, तुकडे पाडायचा हक्क सोडून देतो. हा करार जमिनीच्या दप्तरात नोंदला जातो आणि पुढच्या प्रत्येक मालकाला लागू होतो. बदल्यात करात सवलत मिळते. शेजारच्या आजींना पुण्य किती हवं होतं माहीत नाही, पण मुलांना जमीन विकावी लागू नये एवढा कराचा बोजा हलका झाला हे त्यांनी मला स्वतः सांगितलंय.

पण मी ट्रस्टमध्ये स्वयंसेवक म्हणून जाते तेव्हा जे काम करते ते फार रुक्ष असतं. करार होतो त्या दिवशी त्या जमिनीचं एक बाड तयार होतं : नकाशा, झाडं, ओहोळ कुठून येतो, कुंपण कुठे आहे, ठरलेल्या जागांवर उभं राहून चार दिशांचे फोटो. मग दर वर्षी कोणीतरी ते बाड घेऊन जातो, त्याच जागी उभा राहतो, तेच फोटो काढतो. बस. पहिल्या वर्षी मला वाटलं ही काय कारकुनी! मग एका ठिकाणी फोटो जुळेना. शेजाऱ्याने आपलं लॉन हळूहळू वीसेक फूट आत सरकवलं होतं. तो वाईट माणूस नव्हता, गवत कापता कापता गेला पुढे पुढे. फोटो नसता तर दहा वर्षांनी तीच हद्द झाली असती.

सातबारावाले_काका | मंगळवार, सकाळी ९:५०

नीलूताई, तुमचा वीस फुटांचा किस्सा वाचून हसलो. आमच्या खात्यात चौतीस वर्षं काढली, शेवटी मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. लॉनच्या जागी राबिट (बांधकामाचा राडारोडा) घाला, झाली मुंबई.

खाडीपलीकडचीताई, तिवरं कुऱ्हाडीने मारत नाहीत. कुऱ्हाडीचा आवाज होतो, लाकूड पडलेलं दिसतं, कोणीतरी फोटो काढतं. जाणकार माणूस ओहोळाचं तोंड बंद करतो. दोन डंपर माती, चार गोण्या, झालं. भरतीचं पाणी आत येईनासं होतं. वर्ष-दीड वर्षात झाडं आपोआप वाळतात. मग पंचनामा होतो, 'सदर जागेत जिवंत खारफुटी आढळून आली नाही'. 'झाडांचं आम्ही बघतो' म्हणजे हे.

आता तुमच्या कामाचं. सातबारा काढा आणि बघा, क्षेत्र लागवडीखाली दाखवलंय की पोटखराब्यात (लागवडीला न चालणारं). अनेक खाजणं (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनी) अजून कागदावर भातशेतीच आहेत. सगळ्या वारसांची नोंद झालीय ना? फेरफार बघा. सरकारी मोजणी करून हद्द कायम करून घ्या. हद्दीवर दगड नसेल तर ट्रस्ट काय नि पोलीस काय, सगळे नकाशा चाळत बसतील.

गोट्या_चारकोप | मंगळवार, सकाळी १०:२०

वाचनखूण साठवली आहे. काकांना +१. आमच्या सोसायटीमागे हेच झालं, शब्द न् शब्द.

वकिलीणबाई | मंगळवार, दुपारी १:४०

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, त्रुटी राहिल्यास क्षमस्व. हा सल्ला नाही, गप्पा समजा. प्रत्यक्ष कागद बघितल्याशिवाय कोणीही सल्ला देऊ नये.

नीलूताईंनी सांगितला तसा करार आपल्याकडे जसाच्या तसा होत नाही. आपला सुविधाधिकार कायदा १८८२ चा. त्यात असा हक्क एका जमिनीच्या मालकाला, त्याच्या जमिनीच्या उपभोगासाठी, दुसऱ्या जमिनीवर मिळतो. शेजारून जायची वाट, पाण्याचा पाट, उजेड. ज्या संस्थेची शेजारी जमीनच नाही तिला तुमच्या जमिनीवर 'इथे बांधू नये' असा कायमचा हक्क देता येत नाही. साधा करार होईल, पण तो करणाऱ्यापुरता. तुमच्या मामेभावाकडून विकत घेणाऱ्याला तो बांधेलच असं नाही.

दुसरी वाट बक्षीसपत्राची. ट्रस्टला जमीन द्यायची आणि 'कधी विकू नये' अशी अट घालायची. इथे त्याच वर्षीचा मालमत्ता हस्तांतरण कायदा आडवा येतो, हस्तांतरणाला सरसकट मज्जाव करणारी अट तो मानत नाही. पण त्याच कायद्यात कलम १८ आहे. धर्म, ज्ञान, आरोग्य किंवा मानवजातीच्या हिताच्या कामासाठी, लोकांच्या फायद्यासाठी मालमत्ता दिली तर कायमस्वरूपी बंधनाविरुद्धचे नियम तिथे आड येत नाहीत. देवस्थानं, धर्मशाळा, वाचनालयं इतकी वर्षं चालतात ती या रचनेत. शिवाय सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता विकायची तर १९५० च्या न्यास कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. तेवढा एक ब्रेक आपोआप बसतो. ब्रेक म्हणतेय, भिंत नव्हे.

प्राप्तिकराची सवलत मात्र विसरा. देणगीची वजावट पैशाला मिळते, जमिनीला नाही. म्हणजे अमेरिकेत ज्या गोष्टीने आजींचं मन वळलं ती इथे मुळातच नाही. मुंबईबाहेर, रायगड-रत्नागिरीकडे, संस्थेला शेतजमीन घ्यायची तर कूळकायद्याचं कलम ६३ आणखी आडवं येतं, शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही.

तिसरी वाट मला सगळ्यात रास्त वाटते, ती संध्याकाळी लिहिते. पुकारा झाला.

टवाळ | मंगळवार, दुपारी २:०२

मालिकेसारखं ऐन रंगात थांबवलंत.

नाखवा | मंगळवार, संध्याकाळी ६:१८

वाचतोय सकाळपासून. सगळे चांगलं बोलताय. पण एक इचारू का? या जमिनीत ओहोळ असणारच. त्या ओहोळात आमच्या बायका चिंबोऱ्या धरायला जात असणार. पन्नास वर्षं जात असतील. तुम्ही ट्रस्ट काढाल, पाटी लावाल, 'प्रवेश निषिद्ध'. मग?

आम्ही दोनदा बघितलंय हे. आधी आमची जागा विकासासाठी घेतली, मग उरलेली पक्ष्यांसाठी राखली. दोन्ही वेळेला आम्हाला कोणी इचारलं नाही. तिवरं कोणी ठेवली इतकी वर्षं? आम्ही. मासळीची पिल्लं तिवरांच्या मुळातच मोठी होतात हे आमच्या आजीला कुठल्या अहवालात वाचावं लागलं नव्हतं. बोय, कोळंबी, जिताडा, सगळं तिथूनच. डोल (जाळं) टाकणाऱ्याला माहीत असतं, खाडीचं तोंड बुजलं की समुद्रात पण ताट रिकामं.

माझा तिवरांना इरोध नाही. पाटीला हाय.

पाणपाखरू | मंगळवार, संध्याकाळी ६:५५

नाखवा, बरोबर आहे तुमचं. ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, १,६९० हेक्टर, त्यातली निम्म्याहून जास्त खारफुटी. २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला. मी तेव्हा पेढे वाटले होते. भांडुपकडच्या एका मासेमार मित्राने पेढा घेतला आणि म्हणाला, "आता माझी होडी कुठे लावू ते पण तूच सांग." त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

पण वनखात्याने काही बाबतीत डोकं चालवलंय हेही म्हटलं पाहिजे. जाळ्यात कासव किंवा बहिरी (व्हेल शार्क) सापडली आणि कोळ्याने जाळं फाडून तिला सोडलं तर फोटो दाखवून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. २०१८ च्या डिसेंबरपासून चालू आहे.

नाखवा | मंगळवार, संध्याकाळी ७:१०

मिळते. आमच्या चुलत्याला मिळाली. कासव होतं, पुढचा पाय जाळ्यात असा अडकलेला की सुरीने एकेक फास कापावा लागला. कासव फुसकारत होतं. एकाने मोबाईल धरला, एकाने कासव. चुलता म्हणाला आधी फोटो नीट येऊ दे, नायतर कासव पण जाईल नि पैसे पण. पैसे यायला वेळ लागला पण आले.

अशी काही देवाणघेवाण असेल तर बोला.

नीलू_केप | मंगळवार, रात्री ८:३०

नाखवाभाऊ, तुमचं वाचून मला आमचा किनारा आठवला. इथे पायपिंग प्लोव्हर नावाचं चिमणीएवढं पाखरू वाळूत अंडी घालतं, आपल्या चिखल्याच्या जातकुळीतलं. अंडी वाळूच्याच रंगाची, पाय पडल्यावरच कळतं. म्हणून वसंतापासून उन्हाळा सरेपर्यंत किनाऱ्याचा तो भाग दोरी लावून बंद करतात. कुत्र्यांना बंदी, काही ठिकाणी गाड्यांनाही. लोक चिडतात. 'प्लोव्हर कोंबडीसारखा लागतो' असं स्टिकर गाडीला लावून फिरणारे आहेत इथे!

ट्रस्टने त्यावर काय केलं तर पाटीच्या शेजारी खुर्ची टाकून माणूस बसवला. मी बसलेय त्या खुर्चीवर. काम एवढंच, येणाऱ्याला दुर्बिणीतून पिल्लू दाखवायचं आणि कुत्र्याला पट्टा लावा म्हणायचं. दहातले दोन तरीही शिव्या देतात. पण गावाबाहेरच्या माणसाने सांगणं आणि रोजच्या बेकरीत भेटणाऱ्या बाईने सांगणं यात फरक पडतो. ट्रस्ट 'स्थानिक' असण्याला अर्थ असेल तर तो हा.

वकिलीणबाई | मंगळवार, रात्री ९:४५

आले. तर तिसरी वाट.

वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने दोन नवे प्रकार आले. सरकारी जमिनीसाठी 'संवर्धन राखीव' आणि खासगी किंवा सामूहिक जमिनीसाठी 'समुदाय राखीव', कलम ३६ सी. व्यक्तीने किंवा गावाने स्वतःहून पुढे यायचं, मग राज्य सरकार अधिसूचना काढतं. मालकी जात नाही. मात्र त्यानंतर जमिनीचा वापर बदलायचा तर व्यवस्थापन समितीचा ठराव आणि सरकारची मंजुरी, दोन्ही लागतात. तुमच्या आईला हवंय त्याच्या सर्वात जवळ जाणारी गोष्ट ही. मेघालयात अशी भरपूर राखीव क्षेत्रं आहेत, गावांनी दिलेली.

२०२२ च्या दुरुस्तीनंतर खासगी जमिनीच्या बाबतीत समितीत खुद्द मालक असतो, वनखात्याचा प्रतिनिधी असतो आणि पंचायतीचा. आता मुंबईत पंचायत कुठून आणणार, ही मजा आहे. कायदा करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर शहर नव्हतं. पण अर्ज करायला बंदी नाही, आणि समितीत कोळीवाड्याचं माणूस घ्या असं अर्जातच लिहायलाही बंदी नाही. नाखवांचा मुद्दा तिथे बसेल.

बाकी एक गोष्ट आईंना सांगा, झोप लागेल. राखीव होवो न होवो, तिथे आजही काही बांधता येत नाही. २६ जुलैच्या पुरानंतर, ऑक्टोबर २००५ मध्ये, उच्च न्यायालयाने आदेश दिला की जमीन कोणाच्याही मालकीची असो, खारफुटी तोडायची नाही आणि तिच्यापासून ५० मीटरच्या आत बांधकाम नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यावर अंतिम निकाल आला, तोही तसाच कडक. ज्यांनी सह्या मागितल्या त्यांना हे पाठ असतं. म्हणूनच ते म्हणतात 'झाडांचं आम्ही बघतो'.

टवाळ | मंगळवार, रात्री १०:१५

जरा गंभीर होतो. बाई, तुमचा निकाल कडक आहे हे मान्य. त्याच न्यायालयाने २०२२ च्या डिसेंबरमध्ये बुलेट ट्रेनसाठी २० हजारांहून जास्त खारफुटी तोडायला परवानगी दिली. सार्वजनिक हित. म्हणजे ताईंच्या आईने ट्रस्ट केला, राखीव केलं, समिती केली, आणि उद्या वरून रेघ ओढली गेली तर?

वकिलीणबाई | मंगळवार, रात्री १०:३२

तर जाईल. २०१३ चा भूसंपादन कायदा ट्रस्टच्या जमिनीलाही लागू आहे. नीलूताईंकडेही सरकारला तो अधिकार असतोच. पण सरकारने रेघ ओढायची तर सुनावणी होते, कागद निघतात, वर्तमानपत्रात येतं. रात्री दोन डंपर टाकणाऱ्याची सुनावणी होत नाही. मला विचाराल तर मुंबईत जास्त खारफुटी कोणी गिळली असेल तर ती या दुसऱ्याने.

सातबारावाले_काका | बुधवार, सकाळी ८:०५

बाईंशी शंभर टक्के सहमत. आदेश आहेत, कायदे आहेत, २०१२ पासून वनखात्याचा स्वतंत्र कांदळवन (खारफुटी) कक्षही आहे. २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला (खारफुटीचीच एक जात) राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान दिला, असा मान देणारं आपलं पहिलं राज्य. पण रात्री अडीच वाजता ओहोळाच्या तोंडाशी कोण उभं आहे, हा प्रश्न कुठल्याच कायद्यात नाही. सरकारी मालकीची बरीच खारफुटी राखीव वन म्हणून अधिसूचित होऊन वनखात्याकडे तरी गेली, तिथे रखवालदार असतो. खासगी मालकीची मधल्यामध्ये लोंबकळते. मालक म्हणतो मला उपयोग नाही, खातं म्हणतं आमच्या ताब्यात नाही.

विक्रोळीला गोदरेजांची खारफुटी आहे, ती का टिकली? जमीन खासगीच. १९८५ पासून त्यांचं सागरी पर्यावरण केंद्र तिथे आहे. तिथे रोज माणूस असतो, दुसरं काही नाही. मालक मोठा असला की परवडतं. सहा वारसांच्या दोन एकरांना रखवालदार कुठून?

बंदरावरची | बुधवार, सकाळी ११:४०

पहिल्यांदाच लिहितेय. माझं माहेर अलिबागजवळ. तिकडेही ताईंसारखंच, खारबंदिस्ती फुटून भातखाचरांत तिवरं आली. पुण्याची एईआरएफ ही पर्यावरणाचं काम करणारी संस्था तिकडच्या गावांशी संवर्धन करार करते, गावाने कांदळवन जपायचं आणि बदल्यात गावाला उपजीविकेची मदत. कायद्यातला पक्का हक्क नाही, वचन म्हणा हवं तर, पण दोन्ही बाजूंनी पाळायचं. शिवाय वनखात्याच्या कांदळवन प्रतिष्ठानच्या योजनेत बचतगटांना खेकडेपालन, कालवंपालन करता येतं, गटाचे १० टक्के आणि सरकारचे ९० टक्के. सगळे गट चालतात असं नाही. आमच्या वहिनीच्या गटातले खेकडे एकदा पिंजऱ्यातच एकमेकांना खाऊन मोकळे झाले. 😄 पण पुन्हा लावलेत.

अवांतर : खाऱ्या भाताची पेज कोणी खाल्लीय का? ती चव पुन्हा नाही.

खाडीपलीकडची | बुधवार, रात्री ११:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. कासवाच्या गोष्टीला टाळ्या वाजवल्या तिने.

माझ्या डोक्यात आता एवढं आलंय की ट्रस्टला जमीन 'देणं' हा भाग मी उगाच मोठा समजत होते. नीलूच्या बाडाचं आणि काकांच्या ओहोळाचं आधी बघायला हवं, मग कागद. रविवारी मी, आई आणि मामेभाऊ जाऊन येतो. वेळ कोणती बरी?

नाखवा | बुधवार, रात्री ११:२४

रविवारी अमावास्या आहे, उधाणाचं पाणी. सकाळी सहा-सातला सुकती (पूर्ण ओहोटी) लागेल. दहाच्या आधी बाहेर या, साडेबारा-एकला भर भरती आहे, पाणी मांडीपर्यंत चढेल. चपला नको, जुने बूट घाला. मुळांच्या खुंट्या पायात जातात.

खाडीपलीकडची | सोमवार, रात्री ९:३०

धागा वर काढतेय. जाऊन आलो.

आईला वाटत होतं तिला जागा ओळखू येईल. नाही आली. ती काठावर उभी राहून म्हणाली, "इथे चिंच होती." चिंच नव्हती. मग मामेभावाने मोबाईलवर नकाशा काढला, पण त्यावरही आम्ही खाडीत उभे असल्यासारखं दिसत होतं. शेवटी आईलाच जुन्या उघाडीचा (बांधातल्या पाण्याच्या दाराचा) दगड सापडला. चौकोनी, कडेला फळी सरकवायची खाच असलेला, अर्धा चिखलात. त्या खाचेत एक निवटी (चिखलात राहणारा छोटा मासा) बसली होती. आम्ही वाकलो तशी टुणकन उडी मारून बिळात गेली. आई ऐंशीला आलीय, ती चिखलात बसली आणि खाचेवरून हात फिरवत राहिली. "बाबा रात्री कंदील घेऊन ही फळी काढायला यायचे," म्हणाली.

पाणपाखरू, मध्ये उघडा चिखल आहे, साधारण दोन-तीन गुंठे. पाखरं होती, नावं मला येत नाहीत, फोटो व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. कोल्हा नाही दिसला, पण चिखलात कुत्र्यासारखे ठसे होते. नीलूने सांगितलं तसे पाच जागा ठरवून चार दिशांचे फोटो काढले, वीस. प्रत्येक जागेची खूण वहीत लिहिली. तिवराचं पान मामेभावाला चाटायला लावलं, खारट लागतं हे त्याला माहीतच नव्हतं. एवढी वर्षं मालक आहे तो.

आता वाईट. ओहोळाच्या तोंडाशी अकरा गोण्या होत्या. सिमेंटच्या जुन्या गोण्या, आत राबिट. पूर्ण बंद नव्हतं, पण पाणी अर्ध्याहून कमी येत असणार. आतल्या टोकाची आठ-दहा झाडं पिवळी पडलीत. कोणी टाकल्या माहीत नाही आणि मी कोणावर आरोपही करत नाही. मामेभाऊ बघत उभा राहिला. म्हणाला, "अजून सही दिली नाही आणि हे सुरू?" मग पँट वर केली आणि एकेक गोणी ओढायला लागला. सहा निघाल्या. पाच चिखलात रुतल्यात.

आज तलाठी कार्यालयात आणि कांदळवन कक्षात फोटोंसकट अर्ज दिले, पोच घेतली. मोजणीचेही पैसे भरले. वकिलीणबाई, ३६ सी च्या अर्जावर सहाही जणांच्या सह्या लागतील ना? मामीची होईल. एक मावशी नाशिकला असते, तिचं अजून ठरत नाही. मामेभाऊ 'बघू' म्हणतोय, पण ज्यांनी सह्या मागितल्या त्यांचा फोन त्याने आज उचलला नाही.

सातबारावाले_काका | सोमवार, रात्री ९:५२

पोचेवर आवक क्रमांक आणि तारीख आहे ना? नसेल तर उद्या परत जा. आणि उरलेल्या पाच गोण्यांचा पण फोटो काढून ठेवला असेलच.

खाडीपलीकडची | सोमवार, रात्री ९:५८

क्रमांक आहे काका. फोटो पण आहेत.

वकिलीणबाई | सोमवार, रात्री १०:१४

सहाही लागतील. मावशींशी मी बोलू का? मसुदा शनिवारपर्यंत करून देते, फी नको. खाऱ्या भाताची पेज मिळाली तर बघा.

टवाळ | सोमवार, रात्री १०:२०

पुढच्या वेळी मला पण न्या. गोण्या ओढायला टवाळखोरी आड येत नाही.

नाखवा | सोमवार, रात्री १०:४७

पाच गोण्या दोन माणसांनी नाय निघायच्या, दोरखंड लागेल. पौर्णिमेच्या सुकतीला मी नि चुलता होडी घेऊन येतो. जागा व्यनित सांगा. आणि त्या ओहोळात चिंबोरीची बिळं होती का ते नाय सांगितलंत.

खाडीपलीकडची | सोमवार, रात्री १०:५१

होती. आईने मोजली, तोंडाजवळच चौदा.

नाखवा | सोमवार, रात्री १०:५३

मग दोन दोरखंड आणतो.